डिसेंबरात चोर्ला घाटाखालची जुनी पायवाट: थंडीत एका दिवसात होईल का?

फोंड्याची_सुमी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला एक डोंगर चढायचा बेत आहे. चौघे आहोत: मी, नवरा, नणंद (कॉलेजला आहे, एनसीसीत आहे, दमणे हा प्रकार तिला ठाऊक नाही) आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक पुणेकर. केरीच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथून वरच्या पठारावर जुनी पायवाट जाते. वाडीचे नाव मुद्दाम टाकत नाही. एका वझराचे (धबधब्याचे) नाव असेच कोणीतरी सगळीकडे टाकले आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे बाटल्यांचा खच पडला. ज्यांना ती वाट माहीत आहे त्यांना एवढ्यावरून कळेलच.

माझ्या सासूबाईंचे माहेर वरच्या पठारावरचे. लहानपणी त्या याच वाटेने आईबरोबर बाजाराला उतरायच्या, डोक्यावर नाचणीची गाठोडी घेऊन. पुढे घाटात रस्ता झाला, बस आली आणि वाट सुटली. आता गुरे आणि लाकडाला जाणारे एखाद-दोघे सोडले तर त्या बाजूला कोणी जात नाही असे त्या म्हणतात. जुन्या सर्व्हे नकाशात ठिपक्यांची रेघ आहे, मोबाइलवरच्या नकाशात काहीच नाही. चढ सहाशे मीटरच्या आसपास भरतो.

विचारायचे ते असे. थंडीतच जावे ना? पाऊस नाही, जळवा नाहीत, ऊन कोवळे. गरम कपडे किती घ्यायचे? पुणेकर म्हणतो पहाटे साडेचारला टॉर्च लावून सुटू, पठारावर सूर्योदय बघू आणि दहाला खाली येऊन पातळ भाजी-पाव खाऊ. जमेल का? आणि परवानगीचे काय?

रानभूल_म्हापसा

बिनधास्त जा. सहाशे मीटर म्हणजे दोन तास, उतरायला एक. पुणेकराचा बेत एकदम फिट आहे. आणि थंडीचे काय घेऊन बसलात, आपली गोव्याची थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर आणला की संपली. वाटेच्या जीपीएस ट्रॅकची फाइल कोणाकडे असेल तर इथे टाका रे, मलाही हवी आहे.

पायपीट_काका

वरच्या भावाचा उत्साह राहू दे, त्याचे वेळापत्रक मात्र घेऊ नका.

मी आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होतो, आता घरी बसलेला माणूस आहे. शेवटची वर्षे सत्तरीत गेली, त्यात माकडतापाच्या साथीचा काळ आला. अंगाला लावायच्या, किडे दूर ठेवणाऱ्या तेलाच्या बाटल्या आणि नोंदवही पिशवीत घालून वाड्यावाड्यांवर फिरायचे काम. तुम्ही म्हणता तसल्याच वाटांनी. म्हणून जरा लांबण लावतो.

साडेचार विसरा. हे सगळे डोंगर आपल्या बाजूने पश्चिमेला तोंड करून आहेत. सूर्य कर्नाटकाकडून, पठारावरच्या झाडांमागून वर येतो. तुम्ही धापा टाकत वर पोचाल आणि तुम्हाला दिसेल ते झुडपांमागचे उजाडणे. त्या पठारावरून बघण्यासारखा असतो तो सूर्यास्त, आणि तो बघत बसलात तर अंधारात उतरावे लागेल. शिवाय पहाटेची वेळ गव्यांची आणि अस्वलांची. एकटा गवा वाटेत उभा असला तर दिवसा तो लांबून दिसतो, थांबता येते, वाट सोडून बाजूने जाता येते. टॉर्चच्या उजेडात तो दिसतो तेव्हा फार जवळ असतो. आणि मुख्य म्हणजे न मळलेली वाट अंधारात सापडतच नाही. टॉर्च मारली की प्रत्येक दोन झाडांमधली फट वाटच वाटते.

डिसेंबरात उजाडायला पावणेसात होतात. सात-साडेसातला वाडीतून सुटा. चढायला साडेतीन तास धरा. पाय कमी पडतील म्हणून नव्हे, वाट शोधण्यात वेळ जातो. बारा वाजेपर्यंत पठार लागले नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरायचे. हे घरीच ठरवून निघा. वर गेल्यावर "आता आलेच" म्हणणारा एक तरी निघतोच, आणि तुमच्यात तो कोण असेल ते मी सांगायला नको.

आता थंडी. पहाटे सगळ्यात गार लागते ते खाली, ओहोळाच्या काठी. थंड हवा जड, रात्रभर उतारावरून घरंगळत दरीच्या तळाला साचते. वाडीत दात वाजतील म्हणून तुम्ही दोन-दोन स्वेटर चढवाल आणि अर्ध्या तासात ते कमरेला बांधून चालाल. झाडांवरून दव मात्र नऊ वाजेपर्यंत असे टपटपते की पाऊसच वाटावा. मग घाम, आणि घामाने भिजलेल्या अंगाने पठारावर पोचलात की तिकडून कोरडा पूर्वेचा वारा. खरी हुडहुडी तिथे भरते. म्हणून गरम कपड्यांचे ओझे नको. एक वाऱ्याचे जाकीट आणि पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक सुका बनियन किंवा टीशर्ट, माणशी एक. वर पोचल्यावर आधी तो बदला, मग फोटो काढा.

चढ तुम्हाला जमेल. माझी भीती उतरणीची आहे. किंदळ-माट्टीच्या झाडांची पाने या दिवसांत गळायला लागतात, बांबूच्या बेटाखाली तर आधीच थर असतो. त्या पाचोळ्याखाली जांभ्याचे लाल खडे, करवंदाएवढे, गोल. पाय टाकला की वरचे पान घसरते आणि खालचा खडा फिरतो. ओल्या दगडावर माणूस जपून पाय टाकतो, सुके दिसले की बेफिकीर होतो. मी पाय मुरगळलेली, मनगट मोडलेली माणसे पाहिली ती पावसाळ्यातली कमी, या सुक्या दिवसांतलीच जास्त.

वरच्या गवळीवाड्यावरचा एक म्हातारा डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन उतरायचा, त्याच्यामागून चालताना मी त्याचे पाय बघत राहायचो. तो कधी सरळ उतरायचा नाही. आडवा, कूस उताराला लावून, एकेक पाऊल. पाऊल टेकवायच्या आधी अंगठ्याने पाचोळा बाजूला सारायचा, एवढासाच, आणि मग त्या उघड्या मातीवर टाच रोवायची. काठी पुढे नाही, वरच्या अंगाला. पाय घसरला तर माणूस डोंगराकडे पडावा म्हणून. आपण काय करतो, भीतीने मागे रेलतो, आणि मागे रेललेल्या माणसाचे पाय आधी सुटतात. आधाराला कारवीची काटकी धरू नका, ती सुकून पोकळ झालेली असते, हातात येते. झाड धरायचे तर आधी बघून धरा. वेताचे काटे आणि मुंग्या एवढ्यावर सुटलात तर नशीब.

आणि बसून घसरत उतरायचे नाही. त्याचे कारण गोचीड.

जळवा नाहीत म्हणून तुम्ही खूश आहात. जळू रक्त पिते आणि सुटते, फार तर मोजा लाल होतो. नोव्हेंबर संपला की गोचिडीची पिल्ले पाचोळ्यात वर येतात आणि मे महिन्यापर्यंत असतात. माकडताप त्यांच्यापासून होतो. हा रोग १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, सत्तरीत आम्ही त्याला २०१५ पासून तोंड देतोय. माणसे दगावली आहेत. काजूच्या दिवसांत बागेतल्या पाचोळ्यात वाकून बिया वेचणाऱ्यांना जास्त झाला. एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही, ती भीती नको.

मी फेरीवर पांढरा लेंगा घालून जायचो. बरोबरचे हसायचे, भटजी आले म्हणायचे. पण त्या पांढऱ्यावर अर्ध्या तिळाएवढा काळसर ठिपका गुडघ्याकडे सरकताना दिसतो, काळ्या ट्रॅकपँटवर काही दिसत नाही. तर फिकी, लांब पँट, तिची टोके मोज्यात खोचलेली. गोचीड खालून वर चढते, तिला आत शिरायला फट ठेवू नका. तेल मोज्यांवर, घोट्यांवर, कमरेच्या पट्ट्यावर. बसायचे ते उघड्या खडकावर, पानांवर नाही. जेवायला चादर अंथरून लोळणे तर अजिबात नको.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि एकमेकांचे अंग तपासा: काखा, गुडघ्यामागे, कानामागे, कमरेला. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, अगरबत्तीचा चटका, चुना असले काही करू नका. डिवचली की ती पोटातले बाहेर टाकते. नंतरच्या आठवड्या-दीड आठवड्यात एकाएकी थंडी वाजून ताप, डोके फुटेल असे दुखणे, अंग मोडून येणे असे काही झाले तर "वातावरण बदलले" म्हणून घरी बसू नका. डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की सत्तरीच्या रानात गेलो होतो. वाटेत मेलेले माकड किंवा वानर दिसले तर जवळ जायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा.

बाकीचे भरभर सांगतो. खाजकुयलीच्या शेंगा सुकायचे हेच दिवस, वारा सुटला की तिची लव उडते. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला. वाडीतले लोक शेण फासतात, तुमची तयारी असेल तर तेही. साप थंडीत झोपतात हे आपल्याकडे खरे नाही. घोणशीच्या मिलनाचा हंगाम हाच, उन्हाला वाटेवर पसरलेली असते. शिवाय पाचोळ्यात नाक उचललेला एक छोटा तपकिरी विषारी साप असतो, आपल्या दवाखान्यातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठीची, त्याच्यावर तिचा इलाज नाही. म्हणून हात टेकवताना बघा आणि घोट्यावर येणारे बूट घाला. पाणी माणशी तीन लिटर.

परवानगी लागते. तो भाग म्हादई अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय आत जाता येत नाही. वन खात्याकडे आदल्या आठवड्यात जाऊन अर्ज द्या. आणि काडेपेटी, शेगडी घरी ठेवा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात ठिकठिकाणी आगी लागल्या, तेव्हापासून धूर दिसला तरी लोक धावतात, आणि बरोबरच करतात.

राहिली ट्रॅकची फाइल. असली तरी मी टाकणार नाही. अशा वाटा दर पावसाळ्यात सरकतात. एखादे झाड आडवे पडते, ओहोळ काठ खातो, गुरे वळसा घालून नवी वाट पाडतात. दोन वर्षांपूर्वीच्या फाइलवर चालणारा माणूस बरोबर त्या जागी कड्याच्या तोंडाशी उभा राहतो. वाडीतला एक माणूस सोबत घ्या. रोज बुडतो म्हणून त्याची मजुरी द्या, आणि निघायच्या आधी ठरवून द्या, म्हणजे नंतर दोघांनाही संकोच नको.

वायंगण_केरी

वाडी कुठली ती कळली. आमचीच. नाव टाकले नाही ते बरे केले.

त्या रविवारी मात्र नको. शनिवारी रात्री देवळात कालो, म्हणजे देवाचा उत्सव, आहे. नाटक उजाडेपर्यंत चालणार, रविवारी सकाळी वाडीत जागा असलेला माणूस फक्त हॉटेलवाला. पुढच्या रविवारी या, नाहीतर शनिवारी येऊन नाटकच बघा.

वाट दाखवायला माझे काका येतील, गुरे घेऊन त्या बाजूला जातात. काका कमी बोलतात, त्यांना सारखे "अजून किती" विचारू नका. गाडी देवळाच्या मागे लावा. शेताच्या बांधाला लावू नका, वायंगणाची (हिवाळी भाताची) लावणी असते आणि पॉवर टिलर यायला तीच एक वाट आहे.

वाटेची आजची स्थिती सांगतो. कुळागर (माडा-पोफळीची बाग) संपले की ओहोळ ओलांडायचा, तिथे बाटल्या भरून घ्या, वर पाणी नाही. मग देवाची राय, म्हणजे देवासाठी राखलेले रान, लागते. वाट तिच्या कडेने जाते, आत जात नाही. तुम्हीही जाऊ नका. तिथले पानही तोडत नाहीत. लघवीला वगैरे रायीच्या आधी जाऊन घ्या किंवा पार वर गेल्यावर. काका तिथे थांबून राखणदाराला (रान राखणाऱ्या देवाला) दोन शब्द सांगतील, तेवढा वेळ गप्प राहिलात तर बरे. फोटोला हरकत नाही, पण काकांचा काढायचा तर विचारून काढा.

रायीच्या वर मोठा माट्टीचा रूख (झाड) आडवा पडला आहे. त्याच्यावरून चढून गेलात की चुकलात, तिथून पुढे दिसते ती रानडुकरांची वाट. रुखाच्या मुळाकडून डावीकडे वळायचे. त्यापुढचा चढ खरा उभा.

फोंड्याची_सुमी

काका, दादा, दोघांचेही खूप आभार. पुढचा रविवार पक्का केला. पुणेकराला काकांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. सूर्योदयाचा मुद्दा त्याला पटला, गोचिडीचा जरा जास्तच पटला, आता तो येतो की नाही अशी शंका आहे.

सासूबाई म्हणाल्या की पडलेल्या रुखाच्या जागी नव्हे, त्याच्याही वर वाटेत एक उभा दगड होता, छातीएवढा. डोक्यावरचे ओझे दुसऱ्या कोणाचा हात न लागता टेकवता यावे म्हणून कोणीतरी रोवलेला. तो दिसला तर वाट बरोबर समजा म्हणतात. दादा, तो अजून आहे का?

दोन प्रश्न. नणंद हाफ पँटवर अडून बसली आहे, तेल लावले की चालेल ना असे विचारते. आणि दुसरे म्हणजे, पठारावर वाट जिथे निघते तिथून चोर्ल्याचा डांबरी रस्ता नकाशात जवळच दिसतो. एकाने गाडी घाटातून वर आणली तर आम्हाला उतरावेच लागणार नाही. हे फसवल्यासारखे होईल का?

पायपीट_काका

बाय, डोंगराला कोणी फसवत नाही. तुम्ही सासूबाईंची वाट चढणार, उतरण्याची शपथ कुठे घातली आहे? हाच बेत पक्का करा. पाचोळ्यावरून उतरायचे टळले की माझी निम्मी काळजी गेली.

फक्त वेळ ठरवा. घाटात नेटवर्क असून नसल्यासारखे, पठारावर मोबाइल कर्नाटकाचा टॉवर पकडतो आणि ओहोळात तर काहीच नाही. गाडीवाल्याने दीडपर्यंत वर वाट बघायची, मंडळी आली नाहीत तर ती मागे फिरली असे समजून गाडी घेऊन वाडीत यायचे. फोन लागला तर ठीक, लागला नाही तरी प्रत्येकाला दुसरा कुठे असेल ते माहीत पाहिजे. अंधार पडेपर्यंत कोणीच कुठे पोचले नाही तर वाडीत सांगायचे आणि १०८ लावायचा.

हाफ पँट नाही. तेल घामाबरोबर दोन-तीन तासांत उतरते, पुन्हा लावावे लागते. तिला सांगा, एनसीसीत गणवेश असतो तसा हा रानाचा गणवेश. तेलाचे वाळपईच्या आरोग्य केंद्रात विचारा, नाहीच मिळाले तर औषधाच्या दुकानात किडे दूर ठेवणारे कुठलेही चांगले मलम.

रानभूल_म्हापसा

काका, मी फाइल मागितली ती परत घेतो. सुमीताई, गाडी मी चालवू का? मला फक्त वर येऊन सुक्या बनियनवाल्यांचे फोटो काढायचे आहेत.

फोंड्याची_सुमी

गाडी पुणेकर चालवणार आहे. स्वतःहून म्हणाला. तुमचे पाय रिकामे असतील तर चौथी जागा आहे, पण लांब पँट आणि मोजे.

वायंगण_केरी

उभा दगड आहे. थोडा कलला आहे, शेवाळ आले आहे. काका अजूनही चाऱ्याचा भारा त्याच्यावरच टेकवतात.

एक राहिले. तुम्ही वरच्या वर गाडीत बसून जाल, काकांचे काय? त्यांना घाटातून फिरवून वाडीत आणून सोडायचे, म्हणजे गाडीत एक जागा मोकळी ठेवा. त्यांना गाडी लागते, पुढे बसवा आणि काच उघडी ठेवा. दुधाच्या वेळेला, पाचच्या आत, ते घरी हवेत.